‘आहे’ आणि ‘असावी’

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानाला बोलवावे आणि विषय मात्र वक्त्यावर सोपवावा, हे औदार्य कार्यकारिणीने दाखविले याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. औदार्याचा असा लाभ मिळाला की माणूस थोडा बेफिकीर होतो. मी जन्मभर या शहरात, महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत, व्याकरण शिकविले. त्यामुळे माझ्याकडून संतवाङ्मयावर किंवा फार तर शुद्धलेखनावर चार शब्द ऐकायला मिळतील, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. प्रश्न यंत्राचा आहे, इंद्रियांचा आहे, आणि अखेर व्याकरणाचाही आहे. तो आपल्यापुढे मांडावा असे ठरविले.

आधी प्रसंग सांगतो. माझे थोरले मेहुणे, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, ते तरुणपणी नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेने सुरतेला आले आणि इथल्या कापडबाजारात कापड तपासण्याच्या कामाला लागले. आपल्यातील कितीतरी कुटुंबे याच रेल्वेने, याच कारणासाठी इथे आली. तेव्हा हे वर्णन अनेकांना आपल्या घरचे वाटेल. नानांनी जवळजवळ चाळीस वर्षे ताक्यांवरून हात फिरविला. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली. आज त्यांना उजेड आणि अंधार यांपलीकडे काही दिसत नाही.

त्यांच्या नातीचे लग्न ठरले. शालू, साड्या, खण यांनी खोली भरून गेली. आजोबांना काही दिसत नाही याची त्या मुलीला हळहळ वाटे, म्हणून तिने आपल्या फोनवर एक सोय करून घेतली होती. वस्तूचे छायाचित्र काढायचे, की फोन ती वस्तू कशी आहे ते मराठीत बोलून दाखवितो. तिने पैठणी पसरली, छायाचित्र काढले, आणि फोन स्पष्ट आवाजात म्हणाला, ‘ही मोरपंखी रंगाची शुद्ध रेशमी पैठणी आहे. तिचा काठ सोनेरी जरीचा असून पदरावर मोर आहेत.’ उच्चार चांगले होते. मी व्याकरणाच्या शिक्षकाच्या सवयीने वाक्य तपासले. कर्ता, क्रियापद, लिंग, वचन, सारे बिनचूक.

नानांनी हात पुढे केला. पदर अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून एकदा चोळला. काठावर नख ओढले. मग साडीचा एक पदर मुठीत चुरगळून कानाजवळ नेला आणि म्हणाले, ‘रेशीम नाही ही. जर पण प्लास्टिकची आहे.’

खोलीत शांतता पसरली. साडी ज्या दुकानातून घेतली, तिथे शुद्ध रेशमाची म्हणून तिची किंमत मोजली होती. मुलीच्या आईने पदराच्या टोकाचा एक धागा काढून काडीवर धरला. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख उरते. हा धागा वितळला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला.

मी नानांना विचारले, ‘तुम्हाला कळले कसे?’ त्यांनी नेहमीप्रमाणे अहिराणीत उत्तर दिले: ‘हातले समजस गुरुजी, तोंडले सांगता येत नही.’

आता यात यंत्राची चूक कोणती? आपण चटकन म्हणू, त्याला रेशीम ओळखता आले नाही. पण ते त्याचे अपयश नव्हे. छायाचित्रात रंग असतो, चमक असते, नक्षी असते. पोत हाताला कसा लागतो ते छायाचित्रात नसते. तुम्हाआम्हाला नुसते छायाचित्र दाखविले असते तर आपणही फसलो असतो. परंतु आपण बोललो असतो ते वेगळे. आपण म्हटले असते, ‘रेशमी दिसते आहे’, ‘रेशमाची असावी’, किंवा ‘दुकानदार तरी रेशमाची म्हणतो’. यंत्र म्हणाले, ‘रेशमी आहे.’ चूक त्या एका क्रियापदात होती.

इंग्रजीत ‘मोडॅलिटी’ असा एक शब्द आहे आणि तो सध्या संगणकाच्या क्षेत्रात पुष्कळ ऐकू येतो. माझी भाची संगणकशास्त्र शिकविते. या विषयातील माझे बरेचसे ज्ञान तिच्याकडून ऐकलेले, म्हणजे ‘म्हणे’ या वर्गातले आहे, हे आधीच कबूल करतो. यंत्राला माहिती ज्या ज्या वाटेने मिळते, अक्षर, चित्र, आवाज, ती प्रत्येक वाट म्हणजे एक मोडॅलिटी. माणसाच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ हाच शब्द दृष्टी, श्रवण, स्पर्श, गंध, रस यांना लावतात. मराठीत याला ‘संवेदन-प्रकार’ म्हणता येईल, पण तो शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतला वाटतो. मी आपला साधा ‘द्वार’ हा शब्द वापरणार आहे.

गंमत अशी की भाषाशास्त्रात याच शब्दाचा एक निराळा अर्थ आहे. बोलणारा आपले विधान किती खात्रीने, किती संकोचाने, किती आग्रहाने करतो, हे क्रियापदातून कळते. त्यालाही इंग्रजीत मोडॅलिटी म्हणतात. आपल्या व्याकरणात याला क्रियापदाचे अर्थ म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चौकडी इथे बसलेल्या माझ्या काही माजी विद्यार्थ्यांना अजून आठवत असेल; न आठवल्यास दोष माझा. ‘आहे’ हा स्वार्थ. ‘असावी’ हा विध्यर्थ, त्यात तर्क आला, शक्यता आली. इंद्रियांचे द्वार आणि क्रियापदाचा अर्थ या दोन गोष्टींना एकच नाव पडावे हा शब्दाच्या इतिहासातील योगायोग असेल. परंतु नानांच्या त्या खोलीत मला प्रथमच जाणवले की त्या दोन गोष्टींचे नाते फार जवळचे आहे. कोणत्या द्वाराने तुम्ही वस्तूपर्यंत पोहोचलात, यावर तुम्हाला ‘आहे’ म्हणण्याचा अधिकार आहे की ‘असावी’ म्हणायला हवे, हे ठरते.

मराठी याबाबतीत किती जागरूक आहे पाहा. रंग दिसतो, गाणे ऐकू येते, वास येतो, चव लागते, कापड हाताला लागते. प्रत्येक द्वाराला ठरलेले क्रियापद, आणि बहुतेक ठिकाणी कर्तेपण वस्तूकडे. ऐकीव बातमी सांगताना आपण वाक्याच्या शेवटी एक लहानसा ‘म्हणे’ जोडतो. ‘त्यांच्याकडे काल चोरी झाली म्हणे.’ त्या एका शब्दाने आपण श्रोत्याला बजावतो की ही गोष्ट माझ्या डोळ्यांनी पाहिलेली नाही, कानाच्या द्वाराने आलेली आहे, आणि तिची जबाबदारी माझ्यावर नाही. इतकी काटकसरीची आणि इतकी प्रामाणिक सोय प्रत्येक भाषेत सापडत नाही.

उलट, याच भाषेने द्वारांमधल्या भिंती पाडूनही टाकल्या आहेत. गळा गोड असतो, शब्द बोचतात, नजर तिखट होते, चेहरा आंबट होतो. ‘खरखर’ हा कानाचा शब्द की हाताचा? ‘सुळसुळीत’ म्हणताना रेशमाचा स्पर्श आधी आठवतो की त्याचा आवाज? मोल्सवर्थच्या कोशात असल्या ध्वन्यनुकारी शब्दांना उदारपणे जागा मिळालेली आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या प्रारंभी तर ज्ञानदेव आपल्या शब्दांवरून इंद्रियांतच भांडण लावून देतात. ऐकणाऱ्याच्या कानांना जिभा फुटतात आणि प्रत्येक इंद्रिय या बोलावर आपला हक्क सांगू लागते. तेव्हा भाषा ही डोळा किंवा कान यांच्या रांगेत बसणारे सहावे द्वार आहे, असे मला वाटत नाही. तीच ओळ मी डोळ्यांनी वाचतो, नाना कानाने ऐकतात आणि ब्रेल जाणणारा वाचक बोटाने वाचतो. भाषा सगळ्या द्वारांतून ये-जा करते.

या द्वारांचे एकमेकांशी नाते जन्मजात असते की शिकावे लागते? हा प्रश्न जुना आहे. डब्लिनच्या विल्यम मोलिन्यूने तो १६८८ साली जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्राने विचारला. जन्मांध माणसाने गोल आणि घन हे दोन आकार हाताने ओळखायला शिकले आहे. त्याला एकाएकी दृष्टी आली तर नुसत्या पाहण्याने कोणता गोल आणि कोणता घन हे त्याला सांगता येईल काय? मोलिन्यूची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती, हे कळल्यावर हा प्रश्न केवळ पंडिती राहत नाही. लॉकचे उत्तर ‘नाही’ असे होते; पण ते तर्काने दिलेले.

प्रत्यक्ष उत्तर मिळायला तीनशेहून अधिक वर्षे लागली, आणि ते मिळाले भारतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ नावाचे काम उभारले. जन्मतः दृष्टी नसलेल्या, पण शस्त्रक्रियेने ती मिळू शकेल अशा उत्तर भारतातील मुलांना शोधून त्यांच्यावर उपचार करायचे आणि दृष्टी कशी घडते याचा अभ्यासही करायचा. ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच ठोकळ्यांचे आकार देण्यात आले. हाताने चाचपलेला ठोकळा पुन्हा हातानेच ओळखणे त्यांना १०० पैकी ९८ वेळा जमले. पाहिलेला पाहून ओळखणे ९२ वेळा. परंतु चाचपलेला ठोकळा पाहून ओळखायला सांगितले, तेव्हा आकडा ५८ वर आला. दोहोंतून एक निवडायचा असल्याने डोळे मिटून बोट ठेवले तरी ५० जमतातच. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लॉकचे म्हणणे खरे ठरले. पुढचा भाग मात्र अधिक मोलाचा. काही दिवसांतच, कोणी मुद्दाम शिकविले नसताना, ही मुले हाताचे डोळ्याला सांगू लागली. रोजच्या जगण्यात तीच वाटी दिसत होती आणि तीच हाताला लागत होती, एवढे पुरे झाले.

आपल्या नैयायिकांनी याच मुद्द्यावर केवढी इमारत उभारली आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी युक्तिवाद असा आहे की जी वस्तू मी पाहिली तीच मी आता स्पर्शितो आहे, हे ज्ञान डोळ्याला होऊ शकत नाही आणि त्वचेलाही नाही. म्हणून दोघांहून वेगळा, दोघांचे एकत्र करणारा कोणी आत आहे. त्याला आत्मा म्हणायचे की नाही हा वाद आज मी काढीत नाही. पण प्रश्न चोख आहे: दोन द्वारांतून आलेले एकाच वस्तूचे आहे, हे कोण ठरवितो?

यंत्राच्या बाबतीत याचे उत्तर सांगता येते. यंत्र चित्र घेते तेव्हा त्याचे लहान लहान चौकोन करून प्रत्येकाचे आकडे बनविते. आवाज घेते तेव्हा एका सेकंदात हजारो वेळा त्याचे माप घेऊन त्याचे आकडे करते. मजकूर घेते तेव्हा शब्दांचे तुकडे पाडून त्यांचेही आकडेच. मग चित्राचा मजकुराशी संबंध कसा जुळतो? २०२१ साली अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने केलेली एक प्रणाली या बाबतीत प्रसिद्ध आहे. जगभरच्या संकेतस्थळांवरून चित्र आणि त्याखालची ओळ अशा ४० कोटी जोड्या गोळा केल्या. चित्राचे आकडे आणि त्याच्याच ओळीचे आकडे जवळ आणायचे, भलत्या ओळीचे दूर सारायचे, असे अगणित वेळा केले. याचा परिणाम चकित करणारा आहे. कधी नावानिशी न शिकविलेली वस्तूही तिच्या वर्णनावरून यंत्राला चित्रात ओळखता येऊ लागली.

हे वाचले तेव्हा मला गवयाची आठवण झाली. न्यायातील उपमान प्रमाणाचे ते ठरलेले उदाहरण आहे. शहरातल्या माणसाने गवय पाहिलेला नाही. अरण्यातला माणूस त्याला सांगतो, गवय गायीसारखा असतो. पुढे तो अरण्यात जातो, गायीसारखा प्राणी पाहतो आणि म्हणतो, हाच तो गवय. शब्दाने ऐकलेले डोळ्याने ओळखणे ते हेच. फरक दोन आहेत. एक म्हणजे, सांगणारा अरण्यात राहणारा आणि गवय पाहिलेला होता. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण आप्ताच्या शब्दाला. वस्तू जाणणाऱ्या आणि खरे सांगू इच्छिणाऱ्या माणसाच्या. यंत्राच्या त्या कोट्यवधी जोड्यांत आप्त कोण आणि जाहिरातदार कोण? सोनेरी काठाच्या, मोराच्या पदराच्या छायाचित्रांखाली बहुधा दुकानांनी ‘शुद्ध रेशमी’ असेच लिहिलेले असते. फोनने त्या संध्याकाळी बाजाराची भाषा ऐकविली.

दुसरा फरक असा, की शहरातला माणूस ‘असे मी ऐकले होते’ हे विसरत नाही. यंत्रात पाहिलेले आणि वाचलेले दोन्ही आकड्यांच्या एकाच पटावर येऊन बसते. कोणता आकडा कोणत्या द्वाराने आला याची खूण आत कोठे राहत असेलही. पण बाहेर येणाऱ्या वाक्यात ती उमटतेच असे नाही. ‘मोरपंखी आहे’ हे त्या फोनने पाहिलेले होते. ‘रेशमी आहे’ हे त्याने कधीतरी वाचलेले होते. दोन्हींना त्याने एकच क्रियापद लावले. यंत्राला संकोच शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत, असे भाची सांगते. तिच्या विद्यार्थ्यांना मी मराठी विध्यर्थाचा एक तास घ्यायला तयार आहे, असे मी तिला कळविले आहे. अद्याप उत्तर नाही.

यंत्राची बाजूही मांडली पाहिजे. जिथे आपल्याला द्वारच नाही तिथे यंत्राला आहे. आपल्याच शहरातले उदाहरण घ्या. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना इथे पैलू पडतात आणि प्रयोगशाळेत घडविलेले हिरेही इथे तयार होतात. खाणीतला आणि घडविलेला यांत डोळ्याला, भिंगाला, बोटाला काहीच फरक लागत नाही. तो यंत्र सांगते, कारण माणसाला न दिसणारा प्रकाश त्याला दिसतो. जरीचेही तसेच. खऱ्या जरीत चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. दुसऱ्या प्रतीत तांब्याची तार. तिसऱ्या प्रतीत प्लास्टिकची चकाकती पट्टी. धातूचे प्रमाण किती, हे क्ष-किरणांचे यंत्र धागा न जाळता सांगते, आणि तिथे नानांनीही हात जोडले पाहिजेत. येवल्याच्या पैठणीला जर सुरतेहून जाते. सुरतेत राहून आपली फसगत व्हावी हे त्यांना अधिक लागले असावे.

पण स्पर्शाचे काय? यंत्राला बोट देण्याचे प्रयत्न झालेले आहेत. सिन्हा ज्या संस्थेत आहेत तिथेच एक कृत्रिम बोट तयार झाले. त्याच्या टोकाला मऊ, रबरासारखा थर असतो आणि त्या थराच्या मागे कॅमेरा. वस्तू दाबली की थरावर तिचा ठसा उठतो आणि कॅमेरा तो टिपतो. म्हणजे यंत्राच्या बोटातही डोळाच! २०१७ साली या बोटाने ११८ प्रकारचे कापड हाताळून, पाहिलेले कापड आणि चाचपलेले कापड यांची जोडी जुळविण्याचा प्रयोग झाला. जुळणी बऱ्यापैकी होते. परंतु ११८ तुकडे कोठे आणि ४० कोटी चित्रे कोठे! चित्रे लोक आपणहून काढतात आणि त्यांच्याखाली लिहितात. हाताला काय लागले, ते कोण लिहून ठेवतो?

जपानमध्ये एकदा लिहून ठेवले. क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक कावाबाता यांच्या पुढाकाराने १९७२ साली एक समिती स्थापन झाली. गिरण्यांत वर्षानुवर्षे कापड चाचपणारी तज्ज्ञ माणसे एकत्र बसली आणि हाताला लागणाऱ्या गुणांसाठी आपसात कोणते शब्द वापरतात, हे त्यांनी ठरविले. लवचीक ताठपणाला ‘कोशी’, मऊ गुळगुळीतपणाला ‘नुमेरी’, भरदार मऊपणाला ‘फुकुरामी’. मग कापड वाकविणे, ताणणे, दाबणे, घासणे यांची मापे घेणारी उपकरणे तयार झाली आणि या शब्दांना आकडे मिळाले. आधी कारागिराचा शब्द, मागून यंत्र, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

सुरतेच्या बाजारात तसे हात हजारोंनी आहेत, आणि त्यांतले पुष्कळ खानदेशातून आलेले, आपल्या माणसांचे आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली इथल्या घराघरांत असा एखादा नाना आहे. त्यांचे शब्द मराठीत, अहिराणीत, गुजरातीत मिसळलेले. ते कोशात नाहीत, संकेतस्थळांवर नाहीत, आणि स्पष्ट बोलायचे तर आपल्या या ग्रंथालयाच्या कपाटांतही नाहीत. आपण शंभर वर्षे फक्त अक्षराच्या द्वाराने आलेले जपले. याबद्दल कोणाला दोष देता येत नाही, ग्रंथालयाचे ते कामच आहे. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी घरात शिरल्यावर माझी काही पुस्तके भिजली. त्यांच्या मजकुराच्या प्रती पुढे मिळाल्या. वाळवलेल्या त्या पानांना येणारा चिखलाचा वास मात्र कोणत्याच प्रतीत नाही, आणि मला पूर आठवतो तो त्या वासाने.

खानदेशाला याचा एक चांगला अनुभव आहे. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. जाते, शेत, मोट, सुगरणीचा खोपा, हे सारे त्यांच्या हाताला, कानाला, डोळ्याला ठाऊक होते आणि ओठांवर येत होते. घरातल्या माणसांनी ते टिपून ठेवले. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक निघाले. लिहून घेणारे कोणी घरात नसते तर? आणि अशी किती घरे असतील!

सुरतेचाही या बाबतीत एक वारसा आहे, आणि तो थेट व्याकरणाशी जोडलेला आहे. मराठीचे पाणिनी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, ते पुढे या शहरात शिक्षक म्हणून होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या सोबत त्यांनी इथे मानवधर्म सभा स्थापन केली. भुताखेतांचे आणि मंत्रतंत्राचे दावे चारचौघांत सिद्ध करून दाखवा, असे आव्हान या मंडळींनी मांत्रिकांना दिले होते. मला नेहमी वाटते, ज्याने मराठीच्या क्रियापदांचा इतका बारकाईने विचार केला होता, त्याला ‘भूत आहे’ आणि ‘भूत आहे म्हणे’ यांतला फरक इतरांपेक्षा अधिक खुपला असावा. असावा, असे म्हणतो, पुरावा नाही.

त्या पैठणीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. दुकानदाराने थोडी घासाघीस करून फरकाची रक्कम परत दिली. साडी मात्र मुलीने ठेवून घेतली. तिला रंग आवडला होता. नानांनी विचारले, ‘मोरपंखी म्हणजे नक्की कोणता गं?’ तिने सांगायचा प्रयत्न केला, मग फोननेही केला. नाना ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘असंल.’ इथे त्यांना दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे भाग होते, आणि त्यांनी क्रियापद बरोबर वापरले.

त्यानंतर आम्ही दोघांनी एक वही सुरू केली आहे. दर रविवारी मी कापडाचे तुकडे घेऊन त्यांच्याकडे जातो. ते चाचपतात, शब्द सांगतात, मी लिहितो. तलम, राठ, खरबरीत, मऊसूत हे आपल्या परिचयाचे; काही शब्द मी कधी ऐकलेलेही नव्हते आणि त्यांचे लेखन कसे करावे याबद्दल माझे मलाच समाधान नाही. पहिल्या दिवशी मी ‘सुळसुळीत’ लिहून पुढे ‘म्हणजे गुळगुळीत’ असा खुलासा केला आणि वाचून दाखविला. नाना रागावलेच. गुळगुळीत फरशी असते, कापड सुळसुळीत असते. एकावरून हात घसरतो आणि दुसरे हातातून घसरते. मी खुलासा खोडला. शब्दाचा अर्थ शब्दाने सांगता येईना, तेव्हा नानांनीच सुचविले की तुकडाच चिकटवा. तेव्हापासून प्रत्येक शब्दासमोर कापडाचा तुकडा चिकटविलेला आहे, आणि ज्या तुकड्याविषयी नानांची पुरती खात्री नसते त्यापुढे त्यांच्या सांगण्यावरून मी ‘असावे’ असे लिहितो. अशी पाने थोडी आहेत, पण आहेत.

वही आता फुगली आहे आणि नीट मिटत नाही. आजच्या कार्यक्रमापूर्वी मी ती आपल्या ग्रंथपालांना दाखविली आणि पुरी झाल्यावर तिला इथे दाखल क्रमांक मिळेल का, असे विचारले. त्यांनी ती उघडून वाचली नाही. बाहेर डोकावणाऱ्या एका तुकड्यावरून अंगठा फिरविला, पुन्हा एकदा फिरविला, आणि म्हणाले, ‘गुरुजी, हिला कसर लागेल. डांबराच्या गोळ्या घालून वेगळ्या कपाटात ठेवावी लागेल.’